डुक्कर केवढं ते सोडा, चेंबर केवढं ते बघा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात शेती संरक्षणाची बंदूक आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे बंदूक नाही, पण ज्यांच्या कुणग्यात रात्री डुकरं शिरतात, त्यांनीही वाचा. मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीला आल्यावर वाचली तरी चालेल, फक्त वडिलांची बंदूक कपाटावरून काढण्यापूर्वी वाचा.

मागच्या आठवड्यात बंदुकीच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या कामाला ओरोसला गेलो होतो. सिंधुदुर्गनगरीत काम म्हणजे अर्धा दिवस गेलाच. अर्धा वेळ त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आणि अर्धा झेरॉक्सवाल्याकडे. बाकड्यावर बसलो होतो, तेवढ्यात टेक्सासातल्या भाच्याचा मेसेज आला. "मामा, रायफल घेतोय. इथे रानडुकरं मारायला मित्रांबरोबर जातो. थ्री हंड्रेड विन मॅग घेऊ की शॉर्ट मॅग्नम? तुम्ही बंदूकवाले, सांगा."

आता मी कसला बंदूकवाला! आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आलेली एक बारा बोरची डबल बार. ती निवडणुकीला पोलीस स्टेशनला नेऊन ठेवायची, निकालानंतर आणायची, आणि दसऱ्याला तिची पूजा करायची. पण भाच्याला वाटतं मामा म्हणजे जिम कॉर्बेट.

बाजूला कुडाळ तालुक्यातले एक गृहस्थ बसले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक. मी मोबाईलमध्ये हसतोय बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि अगदी सहज म्हणाले, "तां अमेरिकेचा ऱ्हवांदे. तुमी ६५ ची वापरतास काय ७० ची? मी ७० चीच घेतंय. डुकर मोठो आसा आमच्याकडचो."

मी विचारलं, "बंदूक कुठली तुमची?"

"बापाशीची. सिंगल बार. जुनी आसा."

"चेंबर कितीचा आहे?"

"तां माका काय म्हायत? काडतूस आत जाता मां? मग झाला."

हे "आत जाता मां, मग झाला" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण दोन हंगाम मीही हेच करत होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी भाच्याचा प्रश्न, कारण तोही तोच आहे. फक्त तिकडे पैसे जास्त आणि डोंगर लांब.

.३०० विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस १९६३ सालचं. .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम २००१ सालचं. गोळीची जाडी दोघांचीही तीच. फरक पितळी पुंगळीत. जुन्याची पुंगळी साडेसहासष्ट मिलिमीटर लांब आणि सडपातळ, बुडाजवळ एक पट्टा. नवीन आखूड, साधारण त्रेपन्न मिलिमीटर, आणि जाडजूड, पट्टा नाही. एखादा उंच भाऊ आणि एक ठेंगणा पण आडवा भाऊ असावा तसं. दारूगोळ्याचं काम जवळजवळ सारखंच होतं. साडेअकरा ग्रॅमच्या आसपासची गोळी दोन्ही काडतुसं सेकंदाला साधारण नऊशे मीटरच्या वेगाने फेकतात. वेगातला फरक इतका थोडा की गोळी लागल्यावर डुकराला तो कळणार नाही आणि मारणाऱ्यालाही कळणार नाही. आखूड काडतुसाला रायफलचा बोल्ट थोडा कमी ओढावा लागतो, रायफल थोडी आटोपशीर होते. लांब काडतूस तिकडच्या कुठल्याही दुकानात सहज मिळतं.

मी भाच्याला लिहिलं, "दोनशे मीटरच्या आतली डुकरं मारायला या दोन्हीची गरज नाही. .३०८ घे, पुरते. मॅग्नमच घ्यायचं असेल तर विन मॅग घे, काडतूस कुठेही मिळेल. आणि एक लक्षात ठेव, दोन्ही खोक्यांवर .३०० लिहिलेलं असतं. ज्या रायफलवर जे नाव पूर्ण कोरलंय तेच काडतूस घालायचं. नुसतं थ्री हंड्रेड बघून घालू नकोस." तो म्हणाला, "मामा, एवढं तर मला माहीत आहे." असेल. कुडाळच्या गृहस्थांना नव्हतं, मलाही नव्हतं.

टेक्सासात जमीनमालकाची परवानगी असली की खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. तिथली डुकरं बाहेरून आणलेली, मोकाट सुटून वाढलेली. आपल्याकडचं रानडुक्कर इथलंच, रानाचा भाग, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. तिथला प्रश्न कुठली रायफल घ्यावी हा. आपल्याकडे आधी मारता येतं का, मग कशाने, आणि तोपर्यंत नाचणी उरली का, असा क्रम आहे.

आता आपल्या काडतुसाकडे येतो.

बारा बोर म्हणजे काय, तर नळीच्या जाडीइतक्या शिशाच्या बारा गोळ्या एका पौंडात बसतात, एवढाच त्याचा जुना हिशोब. बोर एकच, पण काडतुसाची लांबी वेगवेगळी असते. ६५ मिलिमीटर म्हणजे अडीच इंची, ७० म्हणजे पावणेतीन इंची, आणि ७६ म्हणजे तीन इंची, ज्याला परदेशात बारा बोरचं मॅग्नम म्हणतात. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. त्याच्या काडतुसांच्या पितळेवर के.एफ. अशी अक्षरं दिसतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी वापरलेलं काडतूस तेच असतं. ते ६५ चंही येतं आणि ७० चंही. ७० च्या एकाचं नाव शक्तिमान. आता तुम्हीच सांगा, काउंटरवर "साधं हवं की शक्तिमान" असं विचारल्यावर कोकणातला कुठला शेतकरी "साधं द्या" म्हणेल?

मेख अशी आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड उघडल्यानंतरची असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते लिहिलेल्या लांबीपेक्षा आखूड असतं. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसतं. बंदूक मिटते. कुठेही अडकत नाही. हात सांगतो, बरोबर आहे.

पण चेंबर जिथे संपतो तिथून नळी एकदम अरुंद होत जाते, तिथे एक उतार असतो. काडतूस उडालं की दुमडलेलं तोंड उघडतं आणि ते त्या उताराच्या आत उघडतं. जिथून छर्रे जायचे त्याच वाटेत पुंगळीची कड येऊन बसते. घाटातल्या अरुंद वळणावर एसटी आडवी लागावी तसं. मागून दाब वाढतच असतो. चांगली, नवीन, जाड नळीची बंदूक एखाद वेळी ते सोसते. साठ-सत्तर वर्षांची, समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली, आतून गंजाचे खड्डे पडलेली, कधीतरी गावठी कारागिराने बिजागरीला डाग दिलेली बंदूक किती दिवस सोसेल हे कोणी सांगू शकत नाही. आणि ती फुटते तेव्हा डावा हात कुठे असतो? नेमका नळीखाली.

प्रत्येक बाराला बंदूक फुटत नाही, म्हणूनच हा धोका माणसाला खरा वाटत नाही. मलाही वाटला नाही. आमच्या बंदुकीतून रिकामी पुंगळी काढताना जोर लावावा लागायचा, कधी काठी घालून ढकलावी लागायची. मला वाटायचं, पावसाळी हवेत पुंगळी फुगली असेल. पूर्वी कागदी काडतुसं फुगून अडकायचीच, वडील ती चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचे. (चुलीवर काडतुसं! पण त्या पिढीला काही झालं नाही, असं म्हणायचीही आपल्याकडे पद्धत आहे.) आता प्लॅस्टिकच्या पुंगळ्या येतात, त्या दमट हवेने तशा फुगत नाहीत. मग अडकते का? पुंगळीचं तोंड चिंध्या झाल्यासारखं फाटलेलं का असतं? खांदा दोन दिवस का ठणकतो? हे प्रश्न मी विचारलेच नाहीत. शेवटी एका परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे घोडा सैल झाला म्हणून घेऊन गेलो. त्याने नळ्या काढून उलट्या केल्या, भिंगातून बघितलं, आणि बोट ठेवून दाखवलं. आकडा होता अडीच. दोन आणि त्याला लागून एक छेद दोन. आजोबांपासून ती खूण तिथे आहे. तीन पिढ्यांत कुणीही नळ्या काढून ती वाचलेली नव्हती.

त्याने फक्त एवढंच विचारलं, "काय घालता यात?" मी खरं सांगितलं. तो काहीच बोलला नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

आता कोणी म्हणेल, ६५ च्या काडतुसाने डुक्कर पडतं का? मोठं झालेलं नर डुक्कर, सुळे बाहेर आलेलं, खांद्यावर चामड्याची ढाल झालेली. पडतं. ६५ आणि ७० मध्ये शिशाचा फरक म्हणजे काही ग्रॅमचा. एल.जी.चे सहा-सात छर्रे किंवा एस.जी.चे आठ-नऊ, दोन्हीकडे जवळपास तेवढेच. आपल्याकडे डुकरावर बार टाकायचं अंतर किती? मळ्याच्या बांधावरून, मांगराच्या आडून, बॅटरीच्या उजेडात, पंधरा, वीस, फार तर पंचवीस मीटर. तेवढ्या अंतरावर नीट लागलेले ६५ चे छर्रे पुरेसे आहेत. आणि चाळीस-पन्नास मीटरवर ७० चे छर्रेही इतके पांगतात की डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पळतं. जखमी डुक्कर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळीच्या झाडाखाली पालापाचोळा गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येणारं डुक्कर. हे मी कल्पनेने लिहीत नाही, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

म्हणून मी म्हणतो, डुक्कर केवढं आहे त्यावर काडतूस ठरत नाही. बंदुकीचा चेंबर केवढा आहे त्यावर ठरतं. उरलेलं सगळं अंतरावर आणि डुकराच्या मागे काय आहे त्यावर.

मागे काय आहे हा मुद्दा आपल्याकडे कोणी बोलत नाही. एल.जी.चा छर्रा अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे जाऊन पडू शकतो. आपल्या वाड्या कशा आहेत? एक घर इथे, एक काजूच्या बागेपलीकडे, एक व्हाळाच्या त्या बाजूला, मधे झाडी, त्यामुळे दिसत काही नाही. रात्री कुणीतरी चुडी घेऊन कुर्ल्या धरायला व्हाळात उतरलेला असतो. काहींना वाटतं सरकारने शेतकऱ्यांना रायफली द्याव्यात, मग डुकरांचा निकाल लागेल. माझा याला साफ विरोध आहे. भाच्याच्या त्या मॅग्नमची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. टेक्सासात तेवढ्या अंतरात एकच मालक असेल, आपल्याकडे तेवढ्यात दोन ग्रामपंचायती, एक हायस्कूल आणि देवीचं देऊळ येतं.

कायदा करणाऱ्यांनी या एका बाबतीत विचार केलेला दिसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीची बंदूक असं स्पष्ट लिहिलं आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. शेती संरक्षणासाठी म्हणून रायफल त्यात नाही. आपल्या जिल्ह्यात अशा बंदुका हजारांनी आहेत. ठासणीच्या केपवाल्या, मुंगेरच्या सिंगल बार, आणि काही घराण्यांत संस्थानच्या काळातल्या विलायती डबल बार. पूर्वी शिमग्याच्या दिवसांत गावची पारध निघायची, हाका घातला जायचा, वाटे पडायचे. तो काळ गेला आणि कायद्याने गेला ते बरंच झालं, भेकरं आणि ससे तरी उरले. पण बंदुका राहिल्या, आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान मात्र पारधीबरोबर संपलं. आजोबांना आपल्या बंदुकीला काय चालतं ते माहीत होतं. नातवाला परवान्याचा नंबर माहीत आहे.

मारायला मिळतं का, हा दुसरा प्रश्न. कायद्यात वाट आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी वन विभाग देऊ शकतो, आणि रानडुक्कर त्यात बसतं. राज्य शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगायीसाठी हे अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणले. केरळने २०२२ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुकराबाबत हा अधिकार दिला. आपल्याकडे कागदावर वाट आहे, पण किती शेतकरी त्या वाटेने जातात? परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. परवानगीने मारलं तरी डुक्कर सरकारी मालमत्ता, त्याचं मटण घरी नेता येत नाही. मग माणूस काय करतो? अर्ज करत नाही. गप्प बसतो. किंवा रात्री फासकी लावतो.

फासकी हा या सगळ्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे आणि त्याला काडतूस लागत नाही, परवाना लागत नाही, आवाज होत नाही. मोटारसायकलच्या क्लचची तार पुरते. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात. कंबरेला तार रुतलेला, रात्रभर ओढून ओढून अर्धमेला झालेला बिबट्या, भोवती मोबाईल घेतलेली गर्दी, आणि वन विभागाची गाडी यायची वाट. असे फोटो आपण सगळ्यांनी याच फेसबुकवर बघितलेत. गावठी बॉम्बचं तर बोलायलाच नको, तो आधी गुरांच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडात फुटतो. प्राणीप्रेमी मंडळींना माझं सांगणं आहे, की नियमात राहून, दिवसा अर्ज करून, ओळखीच्या अंतरावरून टाकलेला एक बार हा या फासकीपेक्षा जनावरालाही दयाळू आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा ऑक्टोबरात कापणीच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी मळ्यावर राखणीला येऊन बसावं. चहा मी देतो.

आता निवडणुकीबद्दल, कारण माझा मुद्दा तिथेच अडलाय.

आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस स्टेशनला जमा करायच्या. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. म्हणजे अख्खा काजू आणि आंब्याचा हंगाम. मग विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे भाताची कापणी आणि मळणी. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगून ठेवलंय की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नका, छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवावं. तरी दर निवडणुकीला शेती संरक्षणाच्या बंदुकांना सूट द्या म्हणून निवेदनं द्यावी लागतात. ती मागणी रास्त आहे, माझा तिला पाठिंबा आहे.

पण जोपर्यंत बंदुका जमा होतायत तोपर्यंत एक गोष्ट तरी करा ना. जिल्ह्यातल्या बंदुका एका जागी, एका वेळी, उजेडात, रिकाम्या अवस्थेत येतात ती ही एकच वेळ. नाहीतर त्या आठ तालुक्यांत कपाटांवर आणि माळ्यांवर पडलेल्या असतात. त्या दिवसांत पोलीस दलाच्या शस्त्रागारातला जाणकार माणूस तालुक्याला एक दिवस बसवा. नळ्या काढा, खूण वाचा, आत भिंगातून बघा. परवान्याच्या पुस्तकात शाईने लिहा, चेंबर ६५ किंवा चेंबर ७०. नळी खराब असेल तर तसंही लिहा आणि माणसाला सांगा की बाबा, ही आता पूजेपुरती ठेव. आणि काडतूस विकणाऱ्या दुकानदाराला बंधन घाला की परवान्यावर जो आकडा आहे तेच द्यायचं, शक्तिमान मागितलं तरी.

आजच्या परवान्यात काय काय असतं बघा. बोर असतो, नंबर असतो, वर्षाला किती काडतुसं आणि एका वेळी किती ठेवायची हे असतं. आता ऑनलाईन युनिक नंबरही असतो. ज्या एका आकड्यावर डावा हात अवलंबून आहे तो असेलच असं नाही. माझ्या पुस्तकात नाही. त्या गृहस्थांच्याही नव्हता. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण वारसाहक्काने आलेल्या बंदुकीच्या मालकाला, वय वर्षे साठ, तुळस किंवा आंबोलीच्या बाजूला राहणाऱ्याला, कोण प्रशिक्षण देतंय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीन वर्षांऐवजी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. म्हणजे कार्यालयाची आणि बंदूकवाल्याची भेट आणखी विरळ झाली. त्या भेटीत फी, फोटो आणि पोलीस अहवाल बघितला जातो. बंदूक कोणी बघत नाही. म्हणजे नंबर बघतात, तो जुळला की झालं.

कोणी म्हणेल, एवढ्या कर्मचाऱ्यांवर आणखी काम. मान्य आहे. पण एका बंदुकीला दहा मिनिटं पुरतात. जमा करताना रांगेत आम्ही दोन तास उभे असतोच.

तोपर्यंत ज्यांना आज रात्री राखणीला जायचंय त्यांच्यासाठी: बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. नळ्या काढता येत असतील तर काढून खालच्या सपाट भागावर आकडा शोधा. ६५, २½, ७०, १२-७०, २¾ यातलं काहीतरी असेल. खूण पुसलेली असेल, सापडत नसेल किंवा कळत नसेल तर ६५ समजून चाला आणि लायसन्स असलेल्या कारागिराला दाखवा. ६५ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये चालतं. उलट चालत नाही. ठासणीची असेल तर हा हिशोबच वेगळा, त्यात दारू किती मापाची घालायची ते वडिलांनी सांगितलं असेल त्याहून जास्त घालू नका, कमी घातलीत तरी डुक्कर आवाजाने पळतंच. खरं सांगायचं तर निम्म्या रात्री आपल्याला तेवढंच हवं असतं.

ओरोसहून निघताना मी त्या गृहस्थांचा नंबर घेतला होता. त्यांचा परवा रात्री फोन आला. "भाऊ, मुलान मोबाईलचो उजेड मारून बघल्यान. दोन आणि अर्दो आसा."

मी म्हटलं, बरं झालं बघितलंत.

"तां बरा झाला. पण माझ्याकडे ७० ची नऊ काडतुसा शिल्लक आसत. दुकानदार परत घेणा नाय म्हणता. फोडूची तर भीती वाटता, खय टाकूची तर गुन्हो. आता ह्येंचा काय करू?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याही कपाटात पाच आहेत. उद्या सोमवारी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देतोय, दोघांच्याही वतीने, की ही काडतुसं जमा करून घ्या आणि पावती द्या. पोच मिळाली की तिचा फोटो इथेच कमेंटमध्ये टाकतो. तुमच्याकडेही असतील तर कमेंटमध्ये नुसता आकडा लिहा, नाव नको. किती जणांच्या घरात ही चुकीची काडतुसं आहेत तेवढं तरी कळेल.